हुकूम तिच्या नावाचा, कागद दप्तरात

न्यायालयाने पोटगीचा हुकूम दिला की स्त्रीला न्याय मिळाला, असे आपण धरून चालतो. कार्यकर्तेही त्या दिवशी तिला हार घालून घरी पोचवतात आणि पुढच्या कामाला लागतात. प्रत्यक्षात तिची दुसरी पायपीट तेव्हा सुरू होते. हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल हाती नसेल तर त्या हुकमाच्या जोरावर एक रुपयाही वसूल होत नाही. वसुलीची दरखास्त करायची असो वा अपील, पुनर्विवाहाची नोंदणी असो वा मुलाचा पासपोर्ट, प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच असतो: ‘नक्कल आणली आहे का?’

कामोठ्याचे उदाहरण घेऊ. कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. लोकलने काही स्थानके मागे गेले की लागणारे बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे. नवी मुंबई हे नाव एक, रेल्वेचा पास एक. पण न्यायालयांच्या हद्दी निराळ्या. इथे राहणारी बहुसंख्य कष्टकरी कुटुंबे बाहेरून आलेली, भाड्याने राहणारी आहेत. समजा, घाटावरून लग्न होऊन आलेली एखादी स्त्री आधी चेंबूरला राहिली आणि नवऱ्याने टाकल्यावर कामोठ्याला भावाकडे आली. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात लावला; तिने पोटगी पनवेलला मागितली. प्रकरणे दोन, न्यायालये दोन, क्रमांक दोन, रोजनामे दोन. दप्तर जागचे हलत नाही. भाडेकरू स्त्रीला मात्र दर अकरा महिन्यांनी हलावे लागते. जुन्या पत्त्यावर गेलेले समन्स परत जाते आणि आपला घटस्फोट एकतर्फी होऊन गेल्याचे तिला कधी कधी नातेवाइकांच्या तोंडून कळते.

तेव्हा ती न्यायालयात जाते. नक्कल अर्जावर प्रकरणाचा क्रमांक, वर्ष, न्यायालयाचे नाव आणि निकालाची तारीख लिहायची असते. तिच्यापाशी असतो फक्त वकिलाचा फोन नंबर, आणि तो वकील फी थकल्यामुळे फोन उचलत नाही. क्रमांक शोधायला एक दिवस, अर्ज द्यायला दुसरा, ‘अजून तयार नाही’ हे ऐकायला तिसरा. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे हे तीन खाडे आहेत. अशा वेळी न्यायालयाच्या आवारात ‘मी काढून देतो’ म्हणणारा दलाल भेटला आणि तिने पदराची गाठ सोडली, तर दोष तिचा म्हणायचा का?

या व्यवस्थेत सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी की यातला बराचसा कागद कायद्याने तिला फुकट मिळायचा आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम 23 सांगते. पोटगीच्या हुकमाची प्रत जिच्या बाजूने हुकूम झाला तिला पैसे न घेता द्यावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याचे कलम 24 तर दंडाधिकाऱ्यालाच बजावते की हुकमाची प्रत पक्षकारांना विनाशुल्क देण्याची व्यवस्था करावी. तीन कायद्यांनी तीनदा दिलेला हा हक्क तिला कोणी सांगत नाही. ‘द्यावी’ या शब्दाचा अर्थ व्यवहारात ‘मागितल्यास आणि मागता आल्यास’ असा होऊन बसला आहे.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. पोटगीची थकबाकी दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटने वसूल करायची तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नकलेसाठी हेलपाटे घालण्यात महिने गेले की मागचा एकेक महिना त्या वॉरंटच्या कक्षेबाहेर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवले. न्यायालयाने पुढे केलेला हा काटा नक्कल विभागाच्या दिरंगाईने मागे सरकतो आणि त्याचा लाभ पैसे बुडवणाऱ्या नवऱ्याला होतो. दिरंगाई तटस्थ नसते. ती नेहमी बळकटाच्या बाजूने उभी असते.

यावर आक्षेप येईल की कौटुंबिक प्रकरणे नाजूक असतात, त्यांचे दप्तर उघडे टाकू नये. आक्षेप योग्य आहे, पण तो इथे लागू नाही. विवाहविषयक सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूद आम्हालाही मान्य आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कोणाच्या संसाराची कागदपत्रे चाळायला मिळावीत, अशी मागणी कोणीही केलेली नाही. गोपनीयता ही पक्षकार स्त्रीची जगापासून राखायची आहे. तिच्याच कागदापासून तिला दूर ठेवण्यासाठी ती पुढे करणे हा निव्वळ कांगावा होय.

दुसरा आक्षेप, आता सारे संगणकावर आहे. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी 2023 मध्ये केंद्राने 7,210 कोटी रुपये मंजूर केले. प्रकरणाला सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि तो टाकला की पुढची तारीख दिसते, हे खरे. पण तो क्रमांक तिच्या हातात लिहून कोण देतो? आणि पडद्यावर दिसलेली तारीख ही प्रमाणित प्रत नव्हे. माहितीच्या अधिकाराचाही इथे उपयोग नाही. न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांनीच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे वाट नक्कल विभागाच्या खिडकीवरूनच जाते, आणि ती खिडकीच सुधारली पाहिजे.

1984 हे साल या भागाला विसरता येणार नाही. त्या वर्षीच्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जासईच्या परिसरात शेतकरी उठला आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या रक्तातून आला. त्याच वर्षी सप्टेंबरात कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. वकील हा पक्षकाराचा हक्क म्हणून उभा राहणार नाही, असे त्याने ठरवले. म्हणजे सामान्य स्त्री आपले गाऱ्हाणे स्वतः मांडू शकेल, हे त्यात गृहीत होते. मग जे न्यायालय तिला वकिलाविना उभे राहायला सांगते, त्याचे दप्तर वकिलाविना का उघडू नये? आज शेतकऱ्याला सातबारा घरबसल्या मिळतो. जमिनीच्या कागदाला जी तत्परता, ती टाकलेल्या बाईच्या कागदाला का नाही?

आमच्या मागण्या साध्या आहेत. निकालाच्या दिवशीच प्रकरणाचा क्रमांक लिहिलेली विनामूल्य प्रत स्त्रीच्या हाती द्यावी. ती हजर नसेल तर टपालाने पाठवावी. राज्यातल्या कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाचा नक्कल अर्ज तिच्या तालुक्याच्या न्यायालयात स्वीकारावा आणि नक्कलही तिथेच द्यावी. 1998 पासून मराठी ही राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा आहे. हुकूम तिला वाचता येईल अशा मराठीत असावा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत साहाय्याचा हक्क आहे आणि त्या साहाय्यात नकला मिळवून देणेही येते. तेव्हा तालुका समितीचा माणूस नक्कल विभागाच्या खिडकीशेजारी बसलेला दिसला पाहिजे.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसू नये. कामोठ्याच्या प्रत्येक शाखेने एक वही घालावी. तीत वस्तीतल्या अशा प्रत्येक स्त्रीच्या प्रकरणाचे न्यायालय, क्रमांक, वर्ष आणि पोटगी थकल्याची तारीख तिच्या संमतीने लिहावी, आणि ती वही कुलपात ठेवावी. एक वर्षाची मुदत संपण्याआधी तिच्याबरोबर पनवेलला किंवा वांद्र्याला जावे आणि नक्कल हातात पडेपर्यंत खिडकीपासून हलू नये. मोर्च्याला जितकी माणसे लागतात तितकी याला लागत नाहीत. एक माणूस आणि एक सकाळ पुरते.