उशाशी ठेवलेली बाटली

परवा मावशीला भेटायला गेलो. केमो संपलीय, रेडिएशन चालू आहे. उशाशी १,८०० रुपयांची 'अँटिऑक्सिडंट' रसाची बाटली. शेजारच्या काकूंनी आणून दिलेली. "नैसर्गिक आहे रे, अपाय काय होणार?" डॉक्टरांना विचारलंस का? "त्यात काय विचारायचं!"

इथंच माझं डोकं फिरतं. अहो, रेडिएशन काम करतं कसं? बरंचसं फ्री रॅडिकल तयार करून. ते कॅन्सरच्या पेशीचा डीएनए तोडतात, तिच्या आवरणातल्या चरबीची नासधूस करतात. मग पैसे मोजून आग लावायची आणि पैसे मोजूनच त्यावर पाणी ओतायची जोखीम घ्यायची?

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेतल्या 'सिलेक्ट' चाचणीत व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला, २०११ साली. ही माणसं निरोगी होती, तरी ही गत.

आवळा खाऊ नका असं म्हणत नाहीये. ताटातला आवळा वेगळा, बाटलीतला भरमसाट डोस वेगळा. काकूंवरही राग नाही. राग आहे तो लेबलावर 'आहारपूरक' छापून तोंडी कॅन्सर बरा करणाऱ्यांवर. भीतीवर चालणारा धंदा आहे हा.

घरात कुणाची ट्रीटमेंट चालू असेल तर बाटली पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मावशीची मी उद्या नेतोय.