रस्ता कोणाच्या मालकीचा?

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. या माफीचा पुष्कळ जयजयकार झाला. आम्हांस मात्र त्यात सामील होता येत नाही.

बालाघाटात वकिली करणाऱ्यांनी मुंबईच्या नाक्यांची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. प्रवेशकर हा शब्द आमच्या मध्य प्रदेशास नवा नाही. १९७६ च्या अधिनियमाने येथे मालाच्या प्रवेशावर कर बसला आणि वस्तू व सेवा कर येईपर्यंत तो चालला. वेशीतून माल आला तर कर. पण एकट्या धन्यास घेऊन चौघांची जागा अडविणारी मोटार आली तर मुभा! हा न्याय आम्हांस तेव्हाही उमगला नाही.

मुंबईचा पथकर निर्दोष होता, असे आमचे म्हणणे नाही. तो उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी होता. म्हणून मध्यरात्री व सकाळी नऊ वाजता दर एकच. गर्दी आवरणे हा त्याचा हेतूच नव्हता. तो दोष सुधारावयाचे सोडून सरकारने मोटारवाल्यांपुरता करच काढून टाकला.

सिंगापुराने १९७५ मध्ये सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसविले. चार माणसे असलेली मोटार त्यातून वगळली. लंडनने २००३ मध्ये तोच मार्ग धरला व निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्चण्याचे कायद्याने बंधन घातले. स्टॉकहोमने आधी प्रयोग केला, मग २००६ मध्ये मत घेतले. नागरिकांनी कौल शुल्काच्या बाजूने दिला.

यावर आक्षेप येतो तो असा : देवळात पैसे मोजणाऱ्यास आधी दर्शन आणि गरिबास रांग, तसाच हा प्रकार! आक्षेप वजनदार आहे. पण रस्त्यावरची रांग पाहावी. मुंबईचा सामान्य माणूस लोकलने, बसने व पायी जातो. साठ जणांची बस एकेकट्याच्या मोटारींमागे खोळंबते, तेव्हा श्रीमंताने रांग मोडलेलीच असते, आणि तीही फुकट. रथोत्सवाच्या दिवशी रथाच्या वाटेवर आपली गाडी आडवी घालण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. रोजच्या बसला तेवढा मान का नसावा?

मात्र आमची एक अट आहे. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर व शुल्क यांतील भेद सांगितला. मठांकडून घेतलेला पैसा सरकारच्या सामान्य तिजोरीत मिसळतो, त्याचा दिलेल्या सेवेशी मेळ नाही. म्हणून ते शुल्क नव्हे, कर होय, असा निर्णय झाला. पुढील निकालांनी ही कसोटी सैल केली, हे खरे. पण नीती म्हणून ती आजही खरी आहे. मोटारीकडून घेतलेला रुपया वेगळा ठेवावा, त्यातून बसगाड्या व पदपथ व्हावेत आणि त्याचा हिशेब दरवर्षी जनतेपुढे यावा.

असा हिशेब देण्यास सरकार तयार नसेल, तर शुल्काला आमचाही विरोध राहील. पण हिशेब नको म्हणून शुल्कच नको, आणि मते हवीत म्हणून माफी, या राजनीतीला लोककल्याण म्हणण्यास आम्ही तयार नाही.