उत्तरेतला नरक आणि एक वळण

एप्रिलमधला एक रविवार मी दरवर्षी राखून ठेवतो. त्या दिवशी पॅरिस-रुबे असते. सायकल शर्यत म्हटली की आपल्याकडे लोकांना टूर द फ्रान्सच आठवते. तीन आठवडे, आल्प्स, पिवळी जर्सी वगैरे. ही शर्यत एका दिवसात संपते आणि वाटेत डोंगर एकही नाही. अंतर साधारण 260 किलोमीटर, त्यातला जवळजवळ 55 किलोमीटर रस्ता मात्र ओबडधोबड दगडांचा. शेतातून जाणारा, मध्ये फुगलेला, कडेला चिखल नाहीतर धूळ. सुटण्याचं ठिकाणही पॅरिस नव्हे बरं का! 1977 पासून शर्यत कॉम्पियेन गावाहून सुटते.

रुबे हे कापड गिरण्यांचं गाव. तिथल्या दोन गिरणीमालकांनी सायकलींसाठी ट्रॅक बांधला आणि त्याच्या जाहिरातीसाठी 1896 मध्ये ही शर्यत काढली. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 साली, मार्ग बघायला गेलेल्या पत्रकारांना उद्ध्वस्त गावं आणि जळकी झाडं दिसली, तेव्हापासून 'उत्तरेतला नरक' हे नाव चिकटलं. म्हणजे नाव दगडांमुळे नाही, युद्धामुळे पडलं.

गंमत म्हणजे तिथे हे खराब रस्ते जपायला चक्क एक संस्था आहे. तिचे स्वयंसेवक उखडलेले दगड पुन्हा बसवतात. आपण खड्डे बुजवा म्हणून अर्ज करतो, हे लोक डांबर पडू नये म्हणून झटतात!

आता बघायचं कसं? दगडी रस्त्याचे तीसेक तुकडे असतात आणि त्यांचे नंबर उलटे मोजतात, शेवटचा तो 1. प्रत्येकाला अवघडपणाप्रमाणे तारे. पाच तारे फक्त तिघांना: आरेनबर्गचं जंगल, मों-आं-पेवेल आणि कार्फूर द लार्ब्र. सुरुवात आपल्याकडच्या दुपारी होते, तेव्हा जेवून खुशाल ताणून द्या. संध्याकाळच्या चहाला मात्र उठाच, कारण साधारण 95 किलोमीटर उरलेले असताना आरेनबर्ग येतं. शेवट रुबेच्या ट्रॅकवर, दीड फेरी मारून. विजेत्याला बक्षीस काय, तर चौथऱ्यावर बसवलेला एक दगड.

जिंकणार कोण, हे मला विचारू नका. 2023, 2024 आणि 2025 अशी तीन वर्षं ओळीने मॅथ्यू व्हान डर पूल जिंकला. 2025 मध्ये पोगाचार पहिल्यांदाच उतरला, त्याच्या चाकाला चाक लावून होता, आणि 38 किलोमीटर राहिले असताना एका वळणावर पडला. इतका मोठा खेळाडू, पण एक वळण चुकलं आणि दुसरा आला. उलट 2016 मध्ये मॅथ्यू हेमन. वय 37, सहा आठवड्यांपूर्वी हात मोडलेला, सराव घरातल्या ट्रेनरवर. त्याने चार वेळच्या विजेत्या टॉम बोननला ट्रॅकवर हरवलं. तेव्हा संभाव्य विजेत्यांच्या याद्या वाचा, पण त्यावर पैज लावू नका.

मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच वळणाबद्दल. आरेनबर्गच्या तोंडाशी डांबरी रस्ता सरळसोट. सगळा जथा पुढची जागा पकडायला ताशी साठच्या आसपास धावायचा आणि तसाच दगडांवर आदळायचा. 1998 मध्ये योहान मुझेऊ इथे पडला, गुडघ्याची वाटी फुटली, जखम चिघळली आणि पाय कापायची वेळ आली होती. (पठ्ठ्या 2000 मध्ये परत येऊन जिंकला.) 2024 मध्ये खेळाडूंच्या संघटनेच्या मागणीवरून जंगलाच्या तोंडाशी एक कृत्रिम वळण घातलं, वेग कमी व्हावा म्हणून. लगेच ओरड झाली. खुद्द व्हान डर पूलने ही काय थट्टा आहे का, असं विचारलं. कित्येक चाहत्यांचं म्हणणं, एवढी भीती वाटते तर येता कशाला?

मला हे पटत नाही. अवघड असणं वेगळं आणि अपघाती असणं वेगळं. सिस्टीमची परीक्षा घ्यायची तर तिच्यावर लोड टाका, सर्व्हरच्या खोलीत पाणी कशाला सोडता? दगडांवर सायकल कोण सांभाळतो, पंक्चर झाल्यावर कोण डोकं शांत ठेवतो, ही परीक्षा. पुढचा घसरला म्हणून मागच्या पंधरा जणांची हाडं मोडली, यात कोणाचं कौशल्य दिसलं?

आता, त्या वळणाआधीही जागेसाठी रेटारेटी होणार, म्हणजे धोका थोडा अलीकडे सरकतो, हा आक्षेप खरा आहे. पण डांबरावर कमी वेगात पडणं आणि दगडांच्या धारेवर साठने पडणं यात फरक आहे. आणि 'शर्यत मिळमिळीत होईल' या भीतीचं काय झालं? त्याच 2024 ला ताशी 47.8 किलोमीटरची सरासरी पडली, तोवरच्या इतिहासातली सर्वांत जास्त. जिंकला कोण? थट्टा म्हणणाराच, शेवटचे साठ किलोमीटर एकटा पळून. वळणाने त्याचं काहीच बिघडलं नाही.

पडापडीची चित्रफीत लाखो लोक बघतात, हे मलाही दिसतं. पण ही माणसं पोटासाठी सायकल चालवतात. दगड ठेवा, धूळ ठेवा, पाऊस आला तर चिखलही असू द्या. फक्त जंगलात शिरताना वेग थोडा कमी करा. नरक तेवढ्याने स्वर्ग होत नाही.

तेव्हा मंडळी, यंदा बघाल तेव्हा आरेनबर्गच्या आधीचा डांबरी रस्ता नीट बघा. जथा जंगलात शिरून सगळेच्या सगळे बाहेर आले, तर मजा कमी झाली असं तुम्हाला वाटतं का, ते स्वतःलाच विचारा.