खाण्याचे पदार्थ लपवू नका, लिहून द्या



मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेल्या आई-वडिलांना आमच्या सावेडी उपनगरात एक सल्ला हमखास मिळतो : "उतरताना द्यायच्या फॉर्मवर खाण्याचं काही लिहू नका, उगाच बॅगा उघडायला लावतात." हा सल्ला साफ चुकीचा आहे.

न्यूझीलंडचेच पाहा. सोबतचे पदार्थ आधी जाहीर केले तर अधिकारी तपासतात, चालणारे परत देतात, न चालणारे काढून घेतात. दंड होत नाही. जाहीर केले नाहीत, मग विसरून का असेना, तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर, म्हणजे सुमारे वीस हजार रुपये. ऑस्ट्रेलियात तर 2019 पासून अशा पाहुण्यांचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. आमच्या ओळखीच्या एका आजींनी नातवासाठी साडीच्या घडीत पेढ्यांचा पुडा ठेवला होता. तो स्कॅनरवर दिसला. भाषा कळेना, त्या रडकुंडीला आल्या. लिहून दिले असते तर फार तर पेढे गेले असते.

पाव किलो पेढ्यांचा एवढा बाऊ कशाला, असे विचारणाऱ्यांनी संगमनेर-राहात्याकडच्या एखाद्या दूधवाल्याला विचारावे. लाळ्या-खुरकूत झालेल्या गाईच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यात फोड येतात, ती चारा सोडते, दूध आटते. आपण सहा-सहा महिन्यांनी लस टोचून या रोगाशी झगडतो आहोत. न्यूझीलंडमध्ये तो आजवर शिरलेलाच नाही, आणि दुधाची निर्यात हा त्या देशाचा कणा आहे. हा विषाणू मांसातून, दुधाच्या पदार्थांतून, बुटाला लागलेल्या शेणामातीतूनही जातो. 2022 मध्ये इंडोनेशियात साथ आली, तेव्हा ऑस्ट्रेलियाने विमानतळांवर बुटांसाठी जंतुनाशक चटया अंथरल्या. किडींचेही तेच. अमेरिका ताजा कढीपत्ता अडवते तो सिट्रस सिल्ला किडीमुळे. श्रीगोंद्याचे लिंबूवाले ती चांगली ओळखतात. घरचा तांदूळही अमेरिकेत नेता येत नाही, कारण धान्य पोखरणारा खापरा भुंगेरा. या देशांची भीती खरी आहे. आपणही शेतकऱ्यांचीच माणसे, आपल्याला ती कळायला हवी.

प्रश्न माहितीचा आहे. साठी-सत्तरीतल्या माणसाने इंग्रजी फॉर्म विमानात पहिल्यांदा वाचावा, ही अपेक्षाच चूक. तिकीट काढून देणाऱ्यांनी तिकिटासोबत त्या-त्या देशाच्या नियमांचा मराठी कागद द्यावा. उपनगरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी सुट्ट्यांआधी एक बैठक या विषयावर घ्यावी. आपल्या दैनिकानेही देशवार यादी छापावी, ही विनंती. तोवर निदान खाण्याचे सगळे एकाच पिशवीत, वर नावे लिहून ठेवा आणि फॉर्मवर 'हो'च्या चौकोनात खूण करा.

— एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर