नवजाला किती पडला?

बुधवारची दुपार. डबा अंगावर आलेला, डोळे स्क्रीनवर आणि मन खिडकीबाहेर. तेवढ्यात ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. हिरवंगार जंगल, उभा कडा, त्यावरून कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी आणि खाली काळाशार डोह. सोबत मेसेज - ‘कंधार डोह, चांदोली. या रविवारी. कोण कोण येतंय?’

पाच मिनिटांत चार अंगठे वर! आमचा ग्रुप तसा जुनाच, कॉलेजपासूनचा. एक आयटीवाला, एक बँकवाली, एक आर्किटेक्ट आणि अस्मादिक. प्रत्येक पावसाळ्यात एक तरी धबधबा ‘करायचा’ हा आमचा नेम. पण त्या मक्याच्या कणसांच्या गर्दीत, मोबाइल वर धरून उभ्या असलेल्या पाचशे लोकांमागून पाणी बघायचा आता सॉलिड कंटाळा आलाय. या वेळी कुणीच जात नाही अशा ठिकाणी जायचं, हे नक्की.

आता कुणीच का जात नाही, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. नाही पडला.

रात्री आयटीवाल्याने ‘सेटिंग’ही लावलं. कुणीतरी कुणाच्यातरी ओळखीचा. माणशी पंधराशे, पहाटे चारला निघायचं, गेट चुकवून आत. ‘टेन्शन नाही, रोजचं आहे त्याचं.’ खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. कॉलमला विषय हवाच होता. पण माझं आजोळ शिराळा तालुक्यातलं, चांदोलीच्या अलीकडचं. म्हटलं, मामाला एक फोन टाकू.

‘मामा, रविवारी कंधारच्या धबधब्याला यायचंय.’

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, ‘तायडे, ह्या पावसात? फॉरेस्टवाले सोडत न्हाईत. आन् त्यांनी सोडलं तरी ओढं सोडत न्हाईत.’

फोन ठेवला आणि जरा शोधाशोध केली. चांदोली म्हणजे नुसतं ‘मस्त जंगल’ नाही. १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या हद्दी इथे एकमेकींना भिडतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जो भाग जागतिक वारशात गेला, त्यात हेही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण इथे आणली गेली. म्हणजे ज्या जंगलात वाघ पुन्हा वसावेत म्हणून माणसं एवढी धडपडतायत, तिथे आम्ही चौघं पहाटे चारला चोरवाटेने घुसणार होतो. तेही जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटन बंद असताना!

आणखी एक गोष्ट. झोळंबी, रुंदीव, गोठणे... ही या जंगलातल्या गावांची नावं. ती गावं उठली आणि माणसं बाहेर वसवली गेली. मामाच्या ओळखीतलीही काही घरं अशीच खाली आलेली. ‘त्यांनी घरं सोडली जंगलासाठी,’ मामा म्हणाला होता, ‘तुमी एक रईवार सोडा की.’ यावर काय बोलणार? जे आपल्याला ‘अनटच्ड’ वाटतं, तिथे कधीकाळी चुली पेटत होत्या.

पंधराशेवाल्याला नाही कळवलं. आयटीवाला दिवसभर ऑफलाइन!

मग दुसरा प्लॅन. कोयनानगरच्या पुढे नवजा, तिथला ओझर्डे धबधबा. राजरोस जाता येतं, पायऱ्या आहेत, आजूबाजूला तसंच घनदाट जंगल. पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर असा साधारण दोनशे किलोमीटरचा पल्ला. पहाटे चारला निघालो तर नऊपर्यंत पोहोचू. चालणं फार नाही, पण एका दिवसात जाऊन यायचं तर बेस्ट.

‘नवजा’ हे नाव ग्रुपमध्ये बाकी कुणी ऐकलेलं नव्हतं. मी मात्र त्या नावावरच वाढलेय. कारण मी सांगलीची!

सांगलीत पावसाळ्यात सकाळी पेपर उघडला की आधी राशिभविष्य नाही, पावसाचे आकडे बघतात. कोयना किती, नवजा किती, महाबळेश्वर किती. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे आमच्या दारात येतं. तिकडे चांदोलीतून निघणारी वारणासुद्धा सांगलीच्या खालच्या अंगाला, हरिपूरला, कृष्णेतच उतरते. म्हणजे आमच्या दोन्ही प्लॅन्समधलं पाणी शेवटी माझ्याच गावाला! आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. सांगलीत तेव्हा ऊन पडलंय की पाऊस, याला काही अर्थ नव्हता. बाबा फक्त एकच विचारत होते, ‘नवजाला किती पडला?’ त्या उत्तरावर कपाट वर चढवायचं की नाही, हे ठरायचं.

धबधब्याचंही अगदी तसंच असतं, मंडळी. आपण उभे असतो खाली आणि निर्णय होत असतो वर. सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे म्हणजे कातळ, वर मातीचा पातळ थर. भर पावसाळ्यात पाणी मुरायला जागाच उरत नाही. वर सर आली की ती सगळी ओढ्यात आणि ओढा कड्यावरून खाली. तुमच्या डोक्यावर साधी भुरभुर असते आणि घोट्याएवढं पाणी बघता बघता कमरेला लागतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तो व्हिडिओ पाहिला. ते कुणी स्टंट करायला गेले नव्हते. रविवारी सहलीला गेले होते, आपल्यासारखेच.

तर या वेळी प्लॅनिंग माझ्याकडे. एक कागद केला. घरच्यांना गाडीचा नंबर, रस्ता आणि परतीची वेळ. रेंज जाणार, म्हणून नकाशा आधीच डाऊनलोड. शिट्टी, टॉर्च, सुका कपडा, जळवांसाठी मीठ, आणि भूक लागली की चिडणाऱ्या आर्किटेक्टसाठी चार जादा थालीपीठं. पाण्यात उतरायचं नाही. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा आवाज बदलला, तर फोटो अर्धा सोडून उंचावर. दुपारी एक वाजता, असू तिथून परत. आणि शेवटचा नियम - शनिवारी संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघायचा. पिवळा असेल तर फोन करून तिथल्या लोकांना विचारायचं. ऑरेंज किंवा रेड असेल तर चर्चा नाही, प्लॅन कॅन्सल.

‘ट्रिप आहे की यूपीएससी?’ बँकवाली म्हणाली.

शनिवार संध्याकाळ. साताऱ्याच्या घाटमाथ्याला ऑरेंज.

नियम मीच केलेला, तरी बोट मेसेजवर अडखळलं. गाडी ठरलेली, थालीपीठं झालेली, बँकवालीने तर नवे बूट घेतलेले. शेवटी लिहिलं, ‘कॅन्सल.’ आयटीवाल्याचं उत्तर आलं, ‘तुला नाही म्हणायची सवयच लागलीये.’ लागलं ते. खरंच लागलं.

रविवारी पुण्यात काय पडावं? लख्ख ऊन! दुपारी आयटीवाल्याने त्याच्या गॅलरीतून निळ्या आकाशाचा फोटो टाकला. खाली एक शब्दही नाही. मी थालीपीठं खात गप्प. सोमवारी सकाळी पेपरात नवजाचा आकडा बघितला. एका दिवसाचा, तीन आकडी. तोच कापून ग्रुपवर टाकला, एक शब्दही न लिहिता. तासाभराने त्याचा मेसेज आला, ‘थालीपीठं उरलीयेत का?’

उरली नव्हती. पण मैत्री उरली होती.

खरं तर कॅन्सल केलेल्या ट्रिपचा हाच प्रॉब्लेम असतो. आपण बरोबर होतो, हे कधी सिद्धच होत नाही. काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याचे फोटो टाकता येत नाहीत. पण काहीच न घडणं, यासाठीच तर प्लॅनिंग करायचं असतं ना?

तीन आठवड्यांनी, पाऊस ओसरल्यावर, गेलो आम्ही ओझर्ड्याला. अंगावर तुषार, कानात तो आवाज आणि कड्यावर वर-खाली करणारं धुकं. ढग बाजूला झाला की पाणी दिसायचं, पुन्हा गायब! बँकवालीच्या नव्या बुटात जळू निघाली, तिची किंकाळी धबधब्यापेक्षा मोठी होती. दीडच तास थांबलो असू. एक वाजला, आणि सगळ्यांत आधी ‘चला’ म्हणाला तो आयटीवाला.

कंधार? त्याचं स्वप्न अजून आहे. पावसाळा संपला, वाटा उघडल्या की वनखात्याकडे रीतसर विचारणार. परवानगी मिळाली तर जाऊ. तोवर पाणी थोडं कमी झालेलं असेल, असू दे. नाही मिळाली तर मामाकडे भाकरी खाऊन परत येऊ.

आणि हो, येत्या वीकएण्डला तुम्ही कुठल्या धबधब्याला निघाला असाल, तर आपल्या खिडकीतून आभाळ बघू नका. वर किती पडला, ते विचारा.