कोयता सुटण्याआधी लेकराची जागा ठरवा

दसरा झाला. सावरगाव घाटचा मेळावा पांगला. आता दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टीकडच्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर लागतील. ट्रॉलीत ज्वारीचं पोतं, भांडी, कोपीचं, म्हणजे झोपडीचं, सामान, एखादी शेळी, आणि त्या सगळ्या बोजावर बसलेली लेकरं. ऊसतोडीसाठी कुणी सांगली-कोल्हापूरला जाईल, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट बेळगावात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावं म्हाताऱ्यांची होतील.

हे आवाहन ट्रॅक्टर सुटायच्या आधीच्या दिवसांसाठी आहे. सुटल्यावर त्याचा काही उपयोग नाही. ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांतल्या पुष्कळांना पेपर वाचायला सवड नाही, काहींना वाचता येत नाही. तेव्हा ज्याच्या हाती हे पडेल त्यानं पारावर, शाळेच्या ओट्यावर, किराणा दुकानापुढे मोठ्यानं वाचून दाखवावं, एवढी पहिली विनंती.

मागणी एकच आहे. उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती, टनाचा भाव काय, कामावर खाडा पडला तर किती कापणार, हे सगळं आपण मुकादमाशी बोलून घेतो. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवून घ्या: लेकरू दिवसभर कुठे राहील आणि त्याच्यावर नजर कुणाची असेल. उचल पावसाळ्यातच घेतली, आता काय बोलायचं, असं कुणी म्हणेल. खरं आहे, उचलीखाली दबलेल्या माणसाचा आवाज चढत नाही. पण टोळी गाडीत बसेपर्यंत मुकादमालाही तुमची गरज असते, आणि दहा कोयते, म्हणजे दहा जोड्या, एकत्र बोलल्या तर त्याला ऐकावं लागतं. एकदा तळ पडला, की ही संधी गेली.

उसाच्या फडात लेकराचं काय होतं, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. पण जे शहरात बसून साखर खातात त्यांच्यासाठी सांगितलं पाहिजे. आई-बाप अंधारातच फडाकडे निघतात. तान्हं मूल एक तर ट्रॉलीला बांधलेल्या झोळीत, नाही तर पाचटावर फडकं अंथरून निजवलेलं. पाचटात झोपलेलं मूल ट्रॅक्टर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला दिसत नाही. अशा अपघातांच्या चार ओळींच्या बातम्या हंगामात येतात आणि हंगामाबरोबर संपतात. रात्रीचं दुखणं वेगळं. गाडी कारखान्यावरून केव्हा रिकामी होऊन येईल याचा नेम नसतो. मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची. मग झोपलेली लेकरं कोपीत एकटी, जवळ जळती चिमणी, आणि कोपी पाचटाची. शेजारी विहीर असते, तिला कठडा असेलच असं नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला त्यानं लहान मुलांचे जीव घेतले. ती तर तिथल्याच शेतकऱ्यांची, घरादारातली मुलं होती. आपली उघड्यावर असतात.

आता म्हणाल, लेकराला सांभाळायला आम्ही मोठीला नेतोच की. तिथेच तर खरी गोम आहे. आठ-नऊ वर्षांची पोर शाळेतून काढायची, तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ द्यायचा, चूल आणि पाणीही तिच्याकडेच, आणि त्याला ‘सांभाळणं’ म्हणायचं. भाऊ विहिरीकडे रांगला आणि हिचा डोळा लागला, तर दोष कुणाचा? घरातली मोठी माणसं तो दोष तिच्याच पदरात टाकतात, आणि ती तो जन्मभर वागवते. फडावर एक पाळणाघर झालं तर दोन मुलं वाचतात, एक झोळीतलं आणि एक झोळी हलवणारं. माझ्या मते पाळणाघराचा याहून मोठा फायदा दुसरा नाही, आणि सरकारी कागदांत नेमका तोच कमी दिसतो.

मग करायचं काय? फार मोठी इमारत लागत नाही. दहा कोयत्यांच्या टोळीमागे एक जाणती बाई तळावर थांबली पाहिजे, आणि तिची मजुरी तिला मिळाली पाहिजे. तान्ही मुलं जास्त असतील तर दोघी. 2018 साली केंद्रानं पाळणाघरांसाठी किमान निकष काढले. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी, आणि जोडीला मदतनीस, असा हिशेब आहे. ऑफिसातल्या बाईच्या बाळाला जो हिशेब लागू, तो ऊसतोड बाईच्या बाळाला का लागू नसावा?

कायद्यानं तसं म्हटलेलं नाही असंही नाही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 48व्या कलमानं 30 पेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर ठेवायला सांगितलं. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं 50 पेक्षा जास्त बाया असलेल्या साइटवर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायला सांगितलं. ऊसतोड बाई मात्र दोन्हीकडून निसटली. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी नुसता मधला माणूस. ऊस ज्याच्या शेतातला तो शेतकरी म्हणतो, माझा काय संबंध. तिघांचा ऊस एकच, टन एकच, पण पाळणा बांधायची वेळ आली की तिघांचेही हात भरलेले.

पैशाचं म्हणाल तर तोही आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं. आकडेमोड साधी आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे हंगामाला 50 लाख होतात. सांभाळणाऱ्या बाईला महिना 15 हजार धरले तर पाच महिन्यांचे 75 हजार. म्हणजे एकट्या त्या कारखान्याच्या वाट्यात 66 बाया बसतात, सरकारची भर न धरता. सगळा पैसा पाळण्यालाच द्या असं कुणी म्हणत नाही. विमा, दवाखाना, वसतिगृह हेही त्यातूनच व्हायचं आहे. पण यातला हिस्सा झोळीतल्या लेकराचा आहे, हे महामंडळानं आणि साखर आयुक्तालयानं गाळप सुरू व्हायच्या आत बोलून दाखवावं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. त्यासाठी संप झाला, बैठका झाल्या, मोठमोठे पुढारी बसले. बातम्या झाल्या त्या टक्क्यांच्या. पुढचा करार होईल तेव्हा टेबलावर पाळण्याचं कलम असलंच पाहिजे, आणि ते आणायची जबाबदारी संघटनांची आहे. त्यांनी ती टाळू नये.

आणि हे काही परदेशातून आणलेलं खूळ नव्हे. 1945 साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी काम सुरू केलं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. 1969 मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी शताब्दीचं बांधकाम चाललेलं असताना मजुरांची तान्ही मुलं उन्हात पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर मांडलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली, मुंबईत आली, पुण्यात आली. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळाही आपल्याच राज्यात चालल्या. कुरणात जमलं, बांधकामावर जमलं, ते फडावर न जमायला काय झालं? केंद्राच्या पाळणा योजनेत आता अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरं काढायची आहेत. त्यातली कारखान्यांच्या कार्यस्थळाजवळ आधी काढा, ही महिला व बालविकास विभागाला विनंती.

तळावर पाळणा झाला, नाही झाला, तरी काही गोष्टी उद्यापासून पाळता येतात, आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. ड्रायव्हर दादा, ट्रॅक्टर सुरू करण्याआधी खाली उतरा आणि ट्रॉलीभोवती एक फेरी मारा. पाचट पायानं चाचपून बघा. क्लीनर नसेल तर टोळीतल्या एकाला मागे उभं करा, त्यानं हात केल्याशिवाय गाडी मागे घेऊ नका. मुकादम अण्णा, हा नियम तुम्ही घाला. तुमचा शब्द ड्रायव्हर मोडत नाही. विहिरीच्या बाजूनं कोपी बांधू नका. रात्री गाडी भरायला जाताना चिमणी विझवून बॅटरी ठेवा, आणि एक मोठं माणूस मागे ठेवा, त्याचा खाडा धरू नका. मुलांना जमिनीवर झोपवू नका. बाज नसेल तर फळ्यांचं मचाण बांधा आणि मच्छरदाणी खोचून घ्या. विषारी मण्यार रात्री बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचा दंश दुखतही नाही फारसा. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, तोवर उशीर होतो. असं दिसलं तर मांत्रिक नको, पोटदुखीची गोळी नको, सरळ सरकारी दवाखाना.

निघण्याआधी अंगणवाडीत जाऊन ताईंना सांगा, कोणत्या कारखान्यावर चाललो. पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर नाव तिकडे फिरवता येतं आणि तिथल्या अंगणवाडीतून आहार मिळतो. तो हक्क आहे, उपकार नव्हे. लसीकरणाचं कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवा. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. हे महिने हंगामात येत असतील तर तारीख ताईंकडून लिहून घ्या.

आता जी मुलं मागे राहणार त्यांच्याबद्दल. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहं चालतात, आणि 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत मिळून 82 वसतिगृहांची योजना ठरली. मूल मागे ठेवा, शाळा चालू ठेवा, हे मीही सांगतो. पण ठेवण्याआधी जागा बघा. नाव वसतिगृहाचं असलं तरी पुष्कळ ठिकाणी मूल जेवतं शाळेत आणि झोपतं आजीकडे. मग रात्रीची जबाबदारी कुणाची, हे स्पष्ट विचारा. मुलं मुक्कामी असतील तर तिथे रात्री कोण झोपतं? मुलींच्या खोलीची किल्ली कुणाकडे? रात्री संडासपर्यंत दिवा आहे का? लेकराला बाहेर नेण्याची परवानगी कुणाकुणाला, त्यांची नावं वहीत लिहिलीत का? नोकरांची पोलीस पडताळणी झालीय का? हे विचारलं म्हणून कुणाला राग आला, तर त्या रागातच तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा आणि मूल तिथे ठेवू नका.

कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नका. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, पण झाल्यावर दिसली. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्यांवर अत्याचार झाल्यावर कॅमेरे, तक्रारपेट्या, समित्या यांची घाई झाली. ते सगळं असू दे. पण लहान मुलापाशी एकटं माणूस कधीच नको, दोन मोठी माणसं हवीत, हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे आणि वीज गेल्यावरही चालतो. आठवड्यातून एकदा फोन कराल तेव्हा वसतिगृहाच्या अधीक्षकांशीच बोलून फोन ठेवून देऊ नका. लेकराला फोन द्यायला सांगा, स्पीकर बंद करून. ते गप्प बसलं किंवा घरी न्या म्हणालं तर गावातल्या विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी तिथे पाठवा.

वाईट काही कळलं तर गावाचं नाव खराब होईल म्हणून दाबू नका. पोक्सो हा 2012 चा कायदा सांगतो की मुलावरचा अत्याचार ज्याला कळला त्यानं तो कळवलाच पाहिजे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. सरपंचांना, मुख्याध्यापकांना, भावकीला, सगळ्यांना हा कायदा लागू आहे.

मोठ्या मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कडू आहे, पण बोलली पाहिजे. ‘कुणाच्या भरवशावर ठेवायची’ या एका प्रश्नापायी आपल्या जिल्ह्यात हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं उरकली जातात. बालविवाहांच्या सर्वेक्षणात बीड राज्यात वरच्या रांगेत आहे ते उगाच नाही. नुसतं ‘लग्न करू नका’ म्हणून चालायचं नाही. बापाला तिच्यासाठी भरवशाची जागा दाखवावी लागेल. म्हणून ग्रामपंचायतींनी कोयता सुटण्याआधी खास ग्रामसभा घ्यावी आणि घरवार यादी करावी: कोण चाललं, कोणतं मूल बरोबर, कोणतं मागे, मागे कोणाकडे. यादीची एक प्रत अंगणवाडीत, एक शाळेत, एक पोलीस पाटलाकडे. मागे राहिलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी आठवड्याला एक फेरी, आशाताई, शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी वाटून घेतलेली.

साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना आणि शेतकी अधिकाऱ्यांना निराळं सांगणं आहे. टोळी उतरेल त्याच दिवशी तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या तुमच्या चिटबॉयनं कोयते मोजताना लेकरंही मोजावीत, वयासकट. किती टन ऊस उभा आहे हे तुम्हाला कळतं, तर फडात किती मुलं झोपली आहेत हेही कळलं पाहिजे.

मूल संकटात दिसलं, हरवलं, कामाला लावलेलं आढळलं, कुणी त्याच्याशी वाईट वागलं, तर 1098 हा नंबर फुकट आणि रात्रंदिवस चालतो. तातडीचं असेल तर 112. दोन्ही नंबर कोपीच्या मेढीवर खडूनं लिहून ठेवा, आणि ज्या मुलाला अंक ओळखता येतात त्याच्याकडून एकदा लावून घ्या.