बेवारस कोडची किंमत

डीसीसीपी हा नेटवर्क प्रोटोकॉल २०२५ साली, ६.१६ या आवृत्तीपासून, लिनक्स कर्नलमधून काढून टाकण्यात आला. कुणी फारसे हळहळले नाही, कारण तो वापरणारे जवळपास कुणी नव्हतेच. मग जो कोड कुणाच्या कामाचा नव्हता, तो इतकी वर्षे असंख्य यंत्रांवर ठाण मांडून का बसला होता? त्याची किंमत काय, हे २०१७ सालच्या एका बगने दाखवून दिले होते. तरी त्याला निरोप द्यायला पुढे आठ वर्षे गेली.

इंटरनेटवरचा फोन, थेट चालणारा व्हिडिओ अशा कामांसाठी डीसीसीपी घडवला गेला. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवायचे नाही, पण वाटेत कोंडी झाली की वेग आवरता घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. ऑक्टोबर २००५ मधल्या २.६.१४ या आवृत्तीबरोबर तो लिनक्समध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याचे प्रमाणित स्वरूप ठरले. कल्पना चांगली होती, पण ती रुजली नाही. अ‍ॅप लिहिणारे यूडीपीवरच राहिले. अनेक डिस्ट्रिब्युशनांनी मात्र हे मॉड्यूल आपल्या कर्नलसोबत देणे चालूच ठेवले. कुठल्याही साध्या वापरकर्त्याने त्या जातीचे सॉकेट मागितले की कर्नल ते मॉड्यूल आपणहून लोड करी. वापर शून्य असला, तरी दार उघडेच होते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरक्षा-संशोधक आंद्रेई कोनोवालोव यांना सिझकॉलर या चाचणी-साधनाच्या मदतीने या दारातली फट सापडली. सिझकॉलर कर्नलवर उलटसुलट सिस्टिम कॉलचा मारा करतो आणि कासान हा तपासनीस मेमरीवर नजर ठेवतो. बग ‘यूज-आफ्टर-फ्री’ जातीचा, म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याचा होता. हे बग शोधणाऱ्याचा अंत पाहतात. मेमरी सोडणारा कोड एक, तिला नंतर हात लावणारा दुसरा आणि प्रत्यक्ष कोसळणारा भलताच तिसरा. तोवर ती जागा दुसऱ्याच कुणाला दिलेली असते, त्यामुळे नुसता क्रॅश पाहून मागचा माग लागत नाही. कासान दर आठ बाइटची स्थिती एका वेगळ्या बाइटमध्ये नोंदवतो आणि सोडलेली मेमरी लगेच पुन्हा वाटू देत नाही. चुकीचा हात लागला की त्याच्या अहवालात तीन माग छापून येतात : आत्ता हात कुणी लावला, मेमरी मुळात कुणी घेतली होती आणि ती सोडली कुणी. हे तिन्ही शेजारी ठेवून वाचले की निम्मा तपास तिथेच होतो.

इथे प्रकार असा होता. कर्नलमध्ये प्रत्येक पॅकेट ‘एसकेबी’ नावाच्या रचनेत असते आणि ते किती जणांच्या हाती आहे याचा आकडा तिच्यातच असतो. आयपीव्ही-६ सॉकेटवर पॅकेटची माहिती मागणारा पर्याय लावलेला असेल, तर जोडणीची विनंती हाताळणारा कोड त्या पॅकेटचा पत्ता जपून ठेवी आणि आकडा एकने वाढवी. इथवर सगळे रीतसर होते. पण विनंती मान्य झाल्यावर वरचे फंक्शन दोन अंडरस्कोअर लावलेले ‘केफ्री-एसकेबी’ बोलावत असे, आणि ते आकडा न पाहताच मेमरी मोकळी करते. जपलेला पत्ता तसाच उरे आणि त्या जागी दुसरेच काही येऊन बसे. यातून साधा वापरकर्ता त्या यंत्राचा रूट होऊ शकत होता. दुरुस्ती जेमतेम दोन ओळींची झाली. आकडा एकने कमी करून तो शून्यावर आला तरच मेमरी सोडणारे ‘कन्झ्यूम-एसकेबी’ तिथे आले. बग कळवल्यापासून दोन दिवसांत ती मुख्य कोडमध्ये दाखल झाली.

सर्वांत बोचरी गोष्ट त्या दुरुस्तीच्या टिपणातच आहे. टीसीपीतल्या अशाच दुरुस्त्यांचा हवाला तिथे दिला आहे, आणि त्यांतली पहिली सुमारे दहा वर्षे आधीची. टीसीपीवर जग चालते, म्हणून तिथली चूक दिसली आणि मिटली. तीच चूक शेजारच्या डीसीसीपीमध्ये अकरा वर्षे पडून राहिली, कारण तिकडे कुणी फिरकलेच नाही. कोड उघडा असला की तो तपासला जातो, अशी आपली भाबडी समजूत आहे. तपासला जातो तो वापरातला कोड. हल्लेखोराला मात्र वापरातला आणि पडीक, दोन्ही सारखेच.

पुढची हकिगत तर सरळच बेवारसपणाची आहे. डीसीसीपीचा सांभाळ करणाऱ्याचे नाव यादीतून २०२१ मध्ये काढले गेले. तोवर पाच वर्षे तो कामात नव्हता. म्हणजे २०१७ चा बग सापडला तेव्हाही घरधनी जागेवर नव्हता. २०२३ मध्ये प्रोटोकॉल जाणार असल्याची सूचना आली आणि २०२५ मध्ये तो गेला. मधल्या काळात त्यात झालेले बहुतेक बदल यंत्राने शोधलेल्या चुका बुजवण्यापुरतेच होते.

चालू प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा लिनक्सचा बाणा योग्यच आहे, आणि दोन वर्षांची आगाऊ सूचना ही त्याला शोभणारी रीत. पण ती सूचना सांभाळणारा गेल्याचे लक्षात येताच निघायला हवी. डिस्ट्रिब्युशनांनी तर त्यासाठीही थांबू नये. क्वचित लागणारा प्रोटोकॉल मागताक्षणी आपोआप लोड होऊ देणे बंद करावे. ज्या प्रशासकाला तो हवा असेल, तो एक ओळ लिहून चालू करील. नवा कोड आत घेताना कर्नलमध्ये काटेकोर छाननी होते. जुना कोड काढण्यासाठीही तितकीच ठरलेली शिस्त हवी, कारण नको असलेल्या कोडमधले सगळे बग एका फटक्यात मिटवणारी दुरुस्ती एकच आहे : तो कोड काढून टाकणे.